वादळाच्या आदल्या दिवशीचं पाणी

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा. हवामान खात्याचं बुलेटिन दोनदा वाचलं. पुढच्या आठवड्यात चक्रीवादळ होऊन आपल्या किनाऱ्याकडे येण्याची शक्यता. अखेर आलं.

मार्चअखेर रिटायर होतोय. सत्तावीस वर्षं चेन्नईत, सरकारी लॅबमध्ये, प्लवकांवर. प्लवक म्हणजे प्लँक्टन, समुद्रात तरंगणारी डोळ्यांना न दिसणारी वनस्पती आणि तिच्यावर जगणारे तितकेच बारके जीव. वादळ गेल्यावर त्यांचं काय होतं, हा माझा विषय. वारा समुद्र घुसळतो, खालचं थंड पाणी वर येतं, त्यात खत असतं. वरून नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ. आधी सगळं मरतं, मग उगवतं. किती दिवसांनी, कोण आधी, कोण नंतर, हे आपल्या किनाऱ्यावर दिवसागणिक कोणी मोजलेलं नाही. मी मोजणार.

याआधी चार वादळं हुकली. पहिल्या वेळी रजेवर रत्नागिरीला होतो. दुसऱ्या वेळी गाडीवर झाड पडलं. तिसऱ्या वेळी बाटल्यांचं टेंडर अडकलं. चौथ्याचं कारण आठवत नाही, पण चूक माझी नव्हती.

संकल्प: उद्यापासून साडेचारला उठणे. वादळाआधी तीन नमुने, नंतर सलग दहा दिवस. सगळे स्वतः घेणे.

१८ नोव्हेंबर
सात वाजता उठलो. अजून वादळ लांब आहे, आत्तापासून शरीर थकवण्यात अर्थ नाही.

हरिणीने बाटल्या धुऊन लेबलं लावून ठेवल्या. हरिणी माझी प्रोजेक्ट फेलो. तांबरमला राहते, घर मूळ तंजावरच्या मराठ्यांचं. तिचं मराठी आजीकडून आलेलं, त्यामुळे आम्ही इंग्रजीतच बोलतो. मुलगी कामाची आहे. Vision नाही, पण ते वयाने येतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितोय, कारण झोप येतेय
पहिला नमुना. कोवळमच्या किनाऱ्यावर पोचायला सव्वा आठ झाले. ठरले होते सहा. ईसीआरवर, म्हणजे किनाऱ्याच्या हायवेवर, ट्रॅफिक.

होडी एळुमलैची. फायबरची, मागे इंजिन. अकरा वर्षं आमच्या लॅबला तोच समुद्रात नेतो. शेहेचाळीस वर्षांचा, काटक, दात पानाने लाल. बोलताना सतत हसतो, त्यामुळे त्याला काही गंभीरपणे सांगता येत नाही. माझी तमिळ भाजीवाल्यापुरती आहे, त्याची इंग्रजी इंजिनच्या भागांपुरती. तरी जमतं.

लाटा ओलांडल्या आणि पोटात ढवळलं. सकाळचा पोंगल जड झाला असणार. जाळं हरिणीने ओढलं. मी होडीत आडवा होऊन supervision केलं.

परत आल्यावर वाळूत लहान मायक्रोस्कोप लावून एळुमलैला दाखवलं. हे डायॅटम, म्हटलं, काचेच्या डबीत राहणारी वनस्पती. पुष्कळ वेळ डोळा लावून बसला. मग हरिणीला काहीतरी विचारलं. तिने सांगितलं, तो विचारतोय, हे असं सुंदर दिसतं ते मेल्यावर की जिवंत असतानाच. मी म्हटलं, आयोडीन टाकल्यावर मेलेलंच. तो हसला.

त्याचं म्हणणं, वादळानंतर सहा-सात दिवसांनी पाण्याला वेगळा वास येतो आणि मग नेत्तिली, म्हणजे बारकी मासळी, किनाऱ्याशी येते. त्याच्या बापालाही माहीत होतं. मी समजावलं की हे निरीक्षण आहे, data नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दुसरा नमुना. मला रिव्ह्यू मीटिंग होती. हरिणी आणि एळुमलै गेले. सहाला निघून साडेआठला परत. नमुने उत्तम. मीटिंग अकराला होती असं जयवंतीने संध्याकाळी लक्षात आणून दिलं. जयवंती बँकेत आहे, अंबत्तूर ब्रँचला. बायको म्हणून तिला वेळापत्रकात नको इतका रस आहे.

वादळ शुक्रवारी येणार. नाव मिळालं. मला आवडलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४
बंदी आली. मासेमारी खात्याने समुद्रात जायला मनाई केली. कोवळमला होड्या वर ओढून नारळींना बांधल्या म्हणे.

तिसरा नमुना राहिला. वादळाच्या आदल्या दिवशीचा. तोच महत्त्वाचा. आदल्या दिवशीचं पाणी नसेल तर पुढच्या दहा दिवसांची तुलना कशाशी करायची? जगात फार थोड्या लोकांकडे असा नमुना असेल. हरिणी काहीतरी सांगत होती चोवीस तारखेबद्दल, पण मी फोनवर होतो.

फोन एळुमलैला. तो म्हणाला, सार, उद्या नको. समुद्र आतून फुगलाय. मी त्याला विषय समजावून सांगितला. आग्रह केला नाही. त्याच्या घरी आमच्या रिकाम्या बाटल्या आहेतच, हे फक्त लक्षात आणून दिलं. फार लांब जायची गरज नाही, लाटांच्या पलीकडे दहा मिनिटं. निर्णय त्याच्यावर सोडला. स्थानिक माणसाच्या अनुभवाचा मान राखला पाहिजे.

मी स्वतः गेलो असतो. पण पोटाचं अजून ठीक नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९.३०
एळुमलैच्या बायकोचा फोन. सेल्वी. तो पाचला दोन बाटल्या घेऊन एकटाच गेला, अजून आला नाही. तिला म्हटलं, काळजी करू नकोस, हे लोक समुद्रावरच वाढलेले. ती म्हणाली, सार, म्हणूनच करतेय.

दुपारी १२.१५
पाऊस सुरू. आला नाही. हरिणीने कोस्ट गार्डला कळवलं. मी कळवणारच होतो. तिने मला विचारलं, एळुमलै अण्णा कशाला गेले? मी म्हटलं, त्याच्या मनाने.

वेगळ्या किनाऱ्याला लागला असेल. ही माणसं मोबाइल भिजू नये म्हणून घरी ठेवतात, त्यामुळे कळत नाही.

संध्याकाळी ६
नाही.

जयवंती लवकर घरी आली. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही त्याला पाठवलंत का? मी म्हटलं, पाठवणं आणि सुचवणं यात फरक आहे. ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४
वीज गेली. नुंगंबाक्कमला आमच्या रस्त्यावर तीन झाडं पडली. तळमजल्यात गुडघाभर पाणी, वॉचमनचं कुटुंब जिन्यात बसलंय. जयवंतीने त्यांना वर बोलावलं. वाऱ्याचा आवाज असा की खिडकीच्या काचेवर कोणी तळहात आपटतंय.

वेग ताशी नव्वद असावा. नोंद केली. नोंदी ठेवणं हेच आपल्या हातात असतं.

होडीतलं इंधन दहा तास पुरतं. कालपासून पस्तीस झाले. पण इंजिन बंद करून नांगर टाकला असेल तर हिशेब बदलतो.

२९ नोव्हेंबर
पाऊस थांबला. रस्ते तुंबलेले, निघणं अशक्य. फोनवरून coordination केलं.

हरिणी तांबरमहून कोवळमला गेली. बस मध्येच थांबली, पुढचं अंतर पाण्यातून चालली. किनाऱ्यावरून बादली टाकून पहिल्या दिवसाचा नमुना घेतला. मुट्टुकाडूच्या खाडीचं तोंड फुटलंय, चहासारखं पाणी थेट समुद्रात ओततंय. तिने फोटो पाठवला. फोटोत मागे, वाळूवर, बायका बसल्या होत्या. समुद्राकडे तोंड करून. एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी फोटो मोठा केला, मग पाण्याचा रंग पाहायला म्हणून पुन्हा लहान केला.

१ डिसेंबर, सोमवार
होडी सापडली. दक्षिणेला, मरक्काणमच्या पुढे, उलटी. इंजिन नाही. माणूस नाही.

बाटल्या अर्थातच नाहीत.

हे शेवटचं वाक्य खोडावं का याचा विचार केला. पेनने लिहिलंय. राहू दे.

३ डिसेंबर
रोजचे नमुने चालू आहेत. आता हरिणीला एळुमलैचा चुलत मेहुणा नेतो. मी एकदा गेलो असतो, पण गावातल्या लोकांना माझी उपस्थिती या वेळी बरी वाटणार नाही. संवेदनशीलता हवी.

निकाल: क्षारता तेहेतीसवरून अठरा. पाणी गढूळ, ऊन आत जात नाही. वनस्पती-प्लवक जवळपास शून्य. बाटलीत नुसता गाळ आणि कसले तरी तुटके पाय. वादळाने ताट धुऊन टाकलंय.

कोस्ट गार्डने शोध थांबवला. गावातल्या होड्या अजून जातात.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी ११
आलं.

आठवा दिवस. मी स्वतः मायक्रोस्कोपवर बसलो होतो. एका थेंबात इतके डायॅटम की मोजता मोजता दोनदा चुकलो. साखळ्या, चक्रं, सुयांसारखे. खालचं खत वर आलं, गाळ बसला, ऊन पडलं आणि समुद्राने सगळं एकदम परत काढलं. सत्तावीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

हरिणीला हाक मारली. तिने पाहिलं, आकडा लिहिला आणि म्हणाली, मेहुणा सांगत होता, काल संध्याकाळपासून पाण्याला वास येतोय. नेत्तिली पण दिसली.

मी म्हटलं, बघ, सगळं जुळतंय.

ती बाहेर जाऊन उभी राहिली.

८ डिसेंबर
पेपरचा आराखडा तयार. शीर्षक ठरलं. एळुमलैचं नाव आभारांत पहिलं घालायचं, माझ्या जयवंतीच्याही आधी. शिवाय लॅबमध्ये छोटी शोकसभा. मी बोलीन. मुद्दे काढले. तीन मुद्द्यांनंतर लक्षात आलं की त्याच्या मुलांची नावं मला माहीत नाहीत. मुलं आहेत का, तेही.

हरिणीला विचारलं. दोन मुली. मोठी नर्सिंगला.

९ डिसेंबर
डायरेक्टर साहेबांच्या ऑफिसातून पत्र. बंदी असताना होडी समुद्रात कशी गेली, कोणाच्या सांगण्यावरून, लेखी खुलासा द्यावा.

दिवसभर विचार केला. सगळ्या बाजूंनी. लॅबचं नाव. प्रोजेक्ट बंद पडलं तर हरिणीची फेलोशिप जाईल. पेन्शनचा विचार मनाला शिवला नाही, असं नाही, पण तो शेवटी.

लिहिलं: सदर व्यक्ती स्वतःच्या मर्जीने समुद्रात गेली. प्रोजेक्टतर्फे त्या दिवशी नमुना घेण्याच्या कोणत्याही सूचना दिल्या नव्हत्या.

हे खरंच आहे. लेखी सूचना दिलेल्या नव्हत्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार
हरिणीने सगळ्या दिवसांचा आलेख काढून आणला. सुंदर आलेख. वादळाआधी सपाट रेघ, मग खड्डा, मग आठव्या दिवशी डोंगर. दहाव्या दिवशी त्याच्यामागून दुसरा, प्लवक खाणाऱ्या जीवांचा.

मी विचारलं, ही आधीची रेघ कशावरून काढलीस? आदल्या दिवशीचा नमुना तर नाही.

एकवीस आणि चोवीसचे आहेत ना, ती म्हणाली. शिवाय दुसऱ्या एका लॅबचे दर महिन्याचे आकडे मिळाले. पुरतं.

मी म्हटलं, पण सत्तावीस तारखेचा.

तिने आलेखाचा कागद सरळ केला. मग मराठीत बोलली, बहुधा पहिल्यांदाच: "ते लागतच नव्हतं, सर. मी सांगत होते तेव्हा. तुम्ही फोनवर होता."

नंतर बराच वेळ आलेख पाहत बसलो. तिची पद्धत सांख्यिकीदृष्ट्या बरोबर आहे. दुरुस्ती सुचवण्यासारखं काही सापडलं नाही.

१५ डिसेंबर
शोकसभा झाली नाही. साहेब म्हणाले, चौकशी चालू असताना नको.

पेपर लिहायला बसलो. प्रस्तावनेचं एक वाक्य झालं. चष्म्याचा नंबर वाढलाय.

१८ डिसेंबर, गुरुवार
सेल्वी लॅबमध्ये आली होती. गेटवर दोन तास बसली. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणजे खोलीत होतो, पण दार बंद होतं. हरिणीने तिला आत आणून पाणी दिलं.

प्रकरण असं: सरकारी मदत मिळत नाही. एक तर माणूस सापडला नाही. दुसरं, बंदी मोडून गेला, म्हणजे चूक त्याची. लॅबच्या कामासाठी गेला होता असं प्रोजेक्टच्या प्रमुखाचं पत्र असेल तर फाइल पुढे जाईल. मासेमारी खात्याच्या माणसानेच तिला सांगितलं.

हरिणी म्हणाली, तुम्ही द्याल ना? मी म्हटलं, draft करतो. यात कायदेशीर बाजू आहेत. नऊ तारखेच्या खुलाशाशी विसंगत काही जायला नको.

तिने विचारलं, कुठला खुलासा?

मी सांगितलं. मला वाटतं तिला तो आवडला नाही.

संकल्प: पत्र सोमवारपर्यंत.

२२ डिसेंबर, सोमवार
सर्दी.

२४ डिसेंबर
हरिणीने फेलोशिप सोडली. जानेवारीपासून. कारण लिहिलंय: वैयक्तिक. सगळ्या आकड्यांच्या दोन प्रती करून, एक माझ्या टेबलावर ठेवली, नीट बाइंड करून. पहिला लेखक म्हणून माझंच नाव आहे. तिचं कुठेच नाही. मी म्हटलं, अगं, तुझं नाव दुसरं असणार. ती म्हणाली, नको सर.

तरुण पिढीत चिकाटी कमी.

जयवंतीला सांगितलं. तिने विचारलं, ते पत्र दिलंत का? मी म्हटलं, कोवळमला जाऊन आधी सेल्वीशी बोलावं असं वाटतंय. समोरासमोर. जयवंती म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको. मग ती म्हणाली, तुम्ही तिकडे जाऊन खरं बोललात तर मला फोन करा, मी घ्यायला येईन.

२७ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ५
गेलो होतो.

एका खोलीचं घर, पुढे पत्र्याचा मांडव. एळुमलैचा फोटो लावलेला नाही. हार नाही. सेल्वीच्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. माणूस सापडला नाही, मग काढणार कसं, असं शेजारीण मला हळूच म्हणाली. मोठी मुलगी दारात उभी होती, मला बसायला खुर्ची दिली आणि आत गेली. बाहेर वाळूवर नेत्तिली वाळत घातली होती, चकचकीत, लांबच लांब. यंदा खूप आलीय, शेजारीण म्हणाली. वादळानंतर येतेच.

मी ठरवून गेलो होतो. गाडीत तमिळ वाक्यं जुळवली होती. मी सांगितलं म्हणून तो गेला. पत्र देतो. एवढीच दोन.

सेल्वीने आधी विचारलं. पत्राबद्दल नाही.

ती म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्यांचंच बोलणं ऐकू आलं. नको नको म्हणाले. मग गप्प झाले. फोन ठेवल्यावर हसले नाहीत. सकाळी जातानाही नाही. सार, तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

मी म्हटलं, "काळजी घे म्हणालो."

तिने बराच वेळ मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं विचारलं. महिनाभर मनात भलतंच येत होतं."

तिने मला चहा दिला. मी प्यालो. निघताना तिने हात जोडले.

खरं काय म्हणालो ते इथे लिहितो. कोणी वाचणार नाही. तो नको म्हणाल्यावर मी म्हणालो, भीती वाटत असेल तर राहू दे, एळुमलै. मी दुसरा माणूस बघतो. आणि मग पुढच्या वर्षीही तोच येईल.

हे मी चांगल्या तमिळमध्ये म्हणालो. एकही चूक झाली नाही.

जयवंतीला फोन केला नाही.

२८ डिसेंबर, रविवार
ऑफिस बंद. जयवंतीने काही विचारलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
दहाला लॅबमध्ये. लेटरहेड घेतलं. तारीख घातली. मासेमारी खात्याचा पत्ता लिहिला. 'विषय' लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली.

साडेपाचला शिपाई खोलीला कुलूप लावायला आला.